परदेशी माणसं आणणाऱ्या शेटेबाई

शेटेबाई पहिल्यांदा विंझरला आल्या, त्या दिवशी त्यांनी आमच्या ऑफिसातल्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. पर्स माझ्या हातात दिली आणि मालकांना म्हणाल्या, "कागदाचं मागनं बघू. येणारं माणूस झोपणार कुठं ते दावा आधी." मालक त्यांना स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेले. तिथं नवी कॉट होती, नवी गादी होती. बाईंनी बाथरूमचा नळ सोडून पाहिला, दाराची आतली कडी दोनदा लावून काढली, चपला बाजूला सारल्या आणि पदर खोचून त्या पन्नाशी उलटलेल्या वकीलबाई सरळ कॉटवर आडव्या झाल्या. डोळे मिटून. मी आणि मालक दारात उभे. थोड्या वेळानं उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "निवांत हाय. आता काढा फाईल."

नंतर ओळख वाढल्यावर मी त्यांना विचारलं, असं झोपून का बघता? तर म्हणाल्या, "अगं सुरेखा, कागदावर सगळ्याच खोल्या हवेशीर असत्यात. पाठ टेकल्याबिगर कळत न्हाई."

बाईंचं काम तसं आमच्या भागात कुणाला न कळणारं. पुण्यात त्यांचं ऑफिस होतं. कारखान्यांना जर्मन, कोरियन, जपानी माणसं लागत. ती नोकरीवर आणायची तर व्हिसा, करार, पोलिसांकडची नोंद असं बरंच असतं. मालक लोकांच्या वतीनं ते सगळं बाई करत. मूळ गाव भोंगवली. लग्न केलं नाही. आईला, म्हणजे आक्कांना, भोरला घर बांधून दिलं होतं आणि शनिवार-रविवार त्या स्वतः गाडी चालवत तिकडे जात. पुण्यात शुद्ध बोलत असतील, पण नसरापूर ओलांडलं की बोली बदलायची. "साहेबांपुढं येगळी जीभ, आपल्या मान्सांत येगळी. दोन्ही माझ्याच हायेत," असं म्हणायच्या.

आमचे मालक संपतराव. विंझरला त्यांची गुलाबाची पॉलिहाऊसं. मी हिशेब आणि पत्रव्यवहार बघायची. गुलाबावर सारखा रोग येत होता, परदेशात पाठवलेला माल परत येत होता, मॅनेजर टिकत नव्हते. पुण्याच्या प्रदर्शनात कुणीतरी मालकांना सांगितलं, की गुलाब पिकवावेत केनियाच्या लोकांनी. तिथली एक अनुभवी बाई यायला तयार होती. म्हणून शेटेबाईंना बोलावलं.

मालकांना वाटलं होतं, वकील म्हणजे पैसे दिले की कागद करून देणारी. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "आपल्याकडचं माणूस का चालत न्हाई?"

"मिळत न्हाई हो बाई."

"शोधलं कुठं?"

मालक फाईल चाळू लागले.

"सरकार हेच इचारणार. तुमी लिवणार 'मिळालं न्हाई', आन् म्या त्याच्याखाली सही करणार. आधी जाहिरात द्या. माणसं बोलवा, बसवा, इचारा. त्यातनं खरंच न्हाई मिळालं, तर मंग म्या हायेच."

आणि खरोखरच त्यांनी मालकांना जाहिरात द्यायला लावली, मुलाखती घ्यायला लावल्या. दोन मुलाखतींना त्या स्वतः येऊन बसल्या. मग कराराची पाळी आली. मालकांनी कुणाचा तरी जुना नमुना आणला होता. त्यात लिहिलं होतं, की पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात राहील. बाईंनी त्या ओळीवर पेन आडवं ओढलं. "पासपोर्ट म्हंजे काय बैलाची वेसण हाय व्हय, तुमी धरून बसायला?" मालक म्हणाले, "बाई, तुमी माझ्या वकील का तिच्या?" बाई हसल्या. "तुमच्याच. मालकाची वकील हाय मी. मालकाची मोलकरीण न्हाई."

मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन मी आईला सगळं करून दाखवलं.

ती केनियाची बाई आली. नाव वंजिरू. वय चाळिशीचं, उंच, डोक्याला कायम रंगीत फडकं. दोन मुलं तिकडे बहिणीजवळ ठेवून आली होती. शेडवरच्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी तिच्या नावाचं 'वंजारीण' करून टाकलं आणि तिनंही ते आनंदानं घेतलं. फुलं कशी कापायची हे ती हातात हात धरून शिकवायची आणि "हळू गं, हळू," म्हणायची. हा तिचा पहिला मराठी शब्द. जेवायला आमच्यात मांडी घालून बसायची, कुणाच्याही डब्यात हात घालायची, ठेचा खाऊन डोळ्यांतनं पाणी काढायची आणि पुन्हा मागायची. गावातली पोरं मोबाईलवर तिचे फोटो काढत. रस्त्यानं जाताना मोटारसायकली थांबत. ती हात हलवायची. बाईंचा मला आठवड्याला फोन यायचा. गुलाबाचं कधी विचारलं नाही. "झोपती का नीट? कडी लागती ना आतनं?" एवढंच.

थंडीच्या तोंडावर मालकांच्या मुलाची सोयरीक ठरली. पाहुणे येऊ लागले. मालकांच्या आईला ही वरच्या मजल्यावर राहणारी बाई पहिल्यापासूनच खटकत होती. आता कारण मिळालं. "पाव्हणे काय म्हणतील?" असं घरात सुरू झालं. मालक मला म्हणाले, "चार दिवसाचा प्रश्न हाय. कोल्ड स्टोरेजमागच्या खोलीत तिची सोय करू." ती खोली म्हणजे खताच्या गोण्या ठेवायची जागा. वंजिरूला सांगितलं, घरात पाहुणे आहेत. ती म्हणाली, लग्नाच्या घरात असंच असतं, आमच्याकडेही असतं. तिच्या बॅगेचा एक बंद तिनं धरला, एक मी. पाहुणे आले, जेवले, गेले. साखरपुडा झाला. वंजिरू तिथंच राहिली. वर आणायचं कुणी नाव काढेना. आणि बाईंचा फोन आला, की मी म्हणायची, सगळं ठीक आहे.

बाई एका शनिवारी न सांगताच आल्या. कागदावर वंजिरूची सही हवी होती. वरच्या मजल्यावर गेल्या तर तिथं मालकांच्या मुलाचा नवा सोफा. खाली आल्या. "कुठं हाय ती?" मी बोट दाखवलं.

त्या खोलीत त्या गेल्या आणि त्यांनी तेच केलं. चपला काढल्या, पदर खोचला, गोण्यांच्या मधल्या कॉटवर आडव्या झाल्या. भिंतीपलीकडे कोल्ड स्टोरेजचं मशीन घुरघुरत होतं. औषधाचा वास डोळ्यांत जात होता. वंजिरू ओशाळून उभी होती, जणू पसारा तिनंच केलाय. बाई उठल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर पांढरी भुकटी लागलेली होती. ती त्यांनी झाडली नाही. तशाच, फुलं निवडायच्या ग्रेडिंग हॉलमध्ये आल्या. तिथं सगळ्या बायका कामावर, मालकही तिथंच.

"संपतराव, मला खोटं पाडलंत तुमी. खोली बघून सही केलती म्या."

"बाई, जरा आत बसून बोलू."

"हितंच बोलायचं. पोलिसांकडं पत्ता कुठला लिवलाय? माणूस ठेवलाय कुठं? घरादाराला सोडून आल्याली बाई, तिला खताशेजारी निजवता? ह्या पोरी बघत्यात तुमच्याकडं. लाज न्हाई वाटत?"

"आईला चालत न्हाई हो," मालक खाली मान घालून म्हणाले. "म्हातारं माणूस. म्या काय करू?"

"म्हातारी आई माझ्या घरात बी हाय," बाई कडाडल्या. "या बघायला, माणूस कसं वागवत्यात ते!" आणि वंजिरूला म्हणाल्या, "चल, बॅग घे. माझ्या घरी." मलाही सोबत घेतलं.

वाटेत बाई तापलेल्याच होत्या. कापूरहोळपर्यंत त्यांची सरबत्ती चालू. "तुमची वेल्ह्याकडची माणसं अशीच. आमच्या आक्कानं दुधाचा रतीब घालून मला वकील केलं. भाऊबंद हसले, ती ढळली न्हाई. तिनं कधी माणसात दुजाभाव केला न्हाई." वंजिरू मागं बसून खिडकीतनं उसाच्या गाड्या बघत होती.

घर भोरच्या बाहेर, उत्रोलीच्या रस्त्याला. आक्का दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, हसऱ्या. वंजिरूनं शेडवरच्या बायकांनी शिकवला होता तसा वाकून नमस्कार केला. आक्का हरखल्या. "आगं बया, किती उंच हाय! बस बस." लगबगीनं आत गेल्या, चहा टाकला. एका ताटलीत फुलाफुलांचे तीन कप, बाईंना, मला आणि स्वतःला. दुसऱ्या हातात वेगळा धरलेला एक पिवळा पडलेला, कान तुटलेला कप. तो वंजिरूला.

वंजिरूनं दोन्ही हातांनी घेतला. बाईंचा हात मात्र कप उचलता उचलता थांबला. त्या कपाकडे बघतच राहिल्या. कप कसला आहे ते मलाही कळलं. तसा एक आमच्याही घरी असतो, मागच्या दारी, खिडकीच्या कठड्यावर.

चहा संपल्यावर वंजिरू कप धुवायला उठली. आक्का "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हणत होत्या, पण ती मागच्या दारी गेलीच. परत आली ती कप हातात घेऊनच. इंग्रजीत बाईंना म्हणाली, "हा कुणाचा तरी स्वतःचा कप आहे ना? तिथं कठड्यावर त्याची जागा आहे, गोल डाग पडलाय. मी न विचारता वापरला. कुणाचा आहे? तिला माझ्याकडून सॉरी सांगा."

बाई म्हणाल्या, "झाडायला येते एक बाई. तिचा."

"काय नाव तिचं?"

सोपा प्रश्न. बाई आक्कांकडे वळल्या. "आक्का, झाडणारीचं नाव काय गं?"

"कुणाचं?"

"आपल्याकडं येती तिचं. इतकी वर्सं येती ती."

"कुणास ठावं," आक्का सहज म्हणाल्या. "म्या तिला 'अगं' म्हंती."

मोठमोठ्या साहेबांपुढं कधी न अडलेल्या बाई माझ्यासमोर, स्वतःच्या घरात, खाली बघत बसल्या. आक्कांना बिचाऱ्यांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांनी हळूच विचारलं, "हिचं अंथरूण मागच्या पडवीत टाकू का? तुझ्या खोलीत देव्हारा हाय."

बाईंना कपाची गोष्ट झाकता आली असती. वंजिरूला मराठी फारसं कळत नव्हतं. "हो, तिचा कप, सांगते सॉरी," म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण त्यांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. कप वेगळा का असतो, कुणासाठी असतो, आणि आज तो तिला का मिळाला. कोर्टाचं इंग्रजी त्यांना सफाईनं यायचं. हे सांगताना मात्र शब्द अडखळत होते. "मी लहानपणापासून असे कप बघत आले," त्या म्हणाल्या, "आणि मला तो कधी दिसला नाही."

वंजिरूनं सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि विंझरची ती खोली? ते पाहुणे?"

"तेही हेच," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं होतं, खरंच पाहुण्यांसाठी जागा हवीय," वंजिरू म्हणाली.

त्या रात्री आम्ही तिघी बाईंच्या खोलीत, देव्हाऱ्यासमोरच झोपलो. आक्कांनी अडवलं नाही, पण सांजवात लावायला त्या आल्या नाहीत.

सकाळी झाडणारी आली. बाई अंगणात तिची वाट बघत बसल्या होत्या. "तुमचं नाव काय हो?" तिला आधी वाटलं, काही चुकलंच. "हौसा जी. का?" बाईंनी फुलाचा कप भरून तिच्यापुढं धरला. हौसाबाई दोन पावलं मागं सरल्या. "नगं बाई, माझा हाय की कप. ह्यो फुटला-बिटला तर?" आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आक्कांकडे त्यांनी भीत भीत पाहिलं. बाई कप धरून उभ्याच राहिल्या. चहावर साय आली, तरी हौसाबाईंनी तो घेतला नाही.

दुपारी आम्ही विंझरला परतलो. मालक भांडायच्या तयारीनंच बसले होते. दुसऱ्या वकिलाशी त्यांचं फोनवर बोलणंही झालं होतं. बाई सरळ हॉलमध्ये गेल्या, आदल्या दिवशी जिथं कडाडल्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या. "संपतराव, काल तुमची लाज काढली. ती माघारी घेत न्हाई. पण काल माझ्या घरात बी तेच झालं. आक्कानं हिला येगळा कप दिला. हे ह्या पोरींसमोर सांगायचं व्हतं, म्हून आले."

मालकांचा सगळा आवेशच उतरला. भांडण ऐकायला तयार असलेल्या माणसाला हे असलं झेपत नाही. त्यांनी नुसतंच, "बसा, बाई," म्हटलं.

"बसत न्हाई. ती ऱ्हायली कुठं ते पोलिसांना आजच कळवायचं. जागा का बदलली ते बी लिवायचं."

"काय लिवणार?"

"खरं."

मग वंजिरूकडे वळून मालकांसमोरच इंग्रजीत सांगितलं, "तुझा व्हिसा यांच्या नोकरीवर आहे. ही नोकरी सोडलीस तर तुला परत जावं लागेल. तक्रार करायचा तुला हक्क आहे. पण मी यांची वकील आहे, तुझी नाही. तुझ्यासाठी पुण्यातली दुसरी वकील सांगून ठेवली आहे. हा तिचा नंबर."

मालक उसळले. "माझ्या पैशानं माझ्यावरच वकील लावता?"

"तुमच्या पैशानं न्हाई," बाई म्हणाल्या. "माझ्या लाजंनं."

वंजिरूनं तक्रार केली नाही. घरी मुलं होती, करार पुरा करायचा होता. मालकांनी विंझरलाच रस्त्यालगतच्या एका दुकानावरची खोली घेतली. त्याआधी दोघा घरमालकांनी खोली रिकामी असून नाही म्हटलं. बाई तिथंही येऊन कॉटवर पडून गेल्या. गुलाब त्या वर्षी असे आले, की व्यापारी शेडवर येऊन फोटो काढायचे. वंजिरू पूर्वीसारखीच "हळू गं, हळू," म्हणायची, हसायची. पण जेवायच्या सुट्टीत आमच्यात बसणं तिनं बंद केलं. स्वतःचा डबा घेऊन केबिनमध्ये जायची. आम्ही बोलवायचो. ती म्हणायची, "आज काम आहे." रोजच काम असायचं.

बाई पुढे फार बदलल्या. पूर्वी विंझरला आल्या की चार गोष्टी सुनावल्याशिवाय जात नसत; आता नुसतं बघून, विचारून जात. भोरच्या घरातला तो कप त्यांनी उचलून फेकला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "फेकला, तर हौसाबाई चहाच घ्यायच्या न्हाईत. आता म्याबी सकाळी त्यांच्यासंगं पायरीवर बसती. आक्का बोलत न्हाई माझ्याशी. बघू." यात मोठेपणाचा सूर अजिबात नव्हता. हरलेल्या माणसासारखं बोलल्या.

वर्ष झालं, करार संपला. मालक वाढवायला तयार होते, वंजिरू नव्हती. निघायच्या दिवशी शेडवरच्या बायका रडल्या. आणि मालकांची आई, जिला ती घरात चालत नव्हती, ती काठी टेकत फाटकापर्यंत आली, खण-नारळानं वंजिरूची ओटी भरली, कुंकू लावलं. बायका म्हणाल्या, बघा, शेवटी म्हातारीला माया आलीच. बाईंनी मान फिरवली. गाडी सुरू करताना पुटपुटल्या, "निघणाऱ्याची ओटी भरायला आपण लई पुढं."

लोहगावच्या विमानतळावर बाईंनी सामान ढकलगाडीवर ठेवलं. वंजिरूनं आत जाण्याआधी विचारलं, "माझी धाकटी बहीण आहे. तीही फुलांचंच शिकली आहे. संपतरावांना माणूस हवंय म्हणे. ती विचारते, येऊ का?"

परदेशातून माणूस आणणं हेच तर बाईंचं पोट. आणि मालकांनी त्या कामाचं बाईंना आधीच सांगूनही ठेवलं होतं. बाईंनी वंजिरूचे दोन्ही हात धरले. मग त्यांच्या तोंडून मराठीच आलं, "अजून नको."

भाषांतराची गरज पडली नाही. वंजिरूनं मान हलवली, बाईंना मिठी मारली, मला मारली आणि आत गेली. डोक्यावरचं रंगीत फडकं गर्दीत दिसेनासं होईपर्यंत बाई काचेला हात लावून उभ्या होत्या. मालकांचं काम त्यांनी पुढे घेतलं नाही. हळूहळू पुण्याचं ऑफिसही बंद केलं. आता भोरच्या कोर्टात साधे दावे चालवतात.

त्या दिवशी परतताना कात्रज आलं, शिवापूर गेलं. वेल्ह्याची एसटी धरायला मी चेलाडीला उतरणार होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पण दाराचं लॉक काढलं नाही.

"सुरेखा," समोर बघतच त्या म्हणाल्या, "मला नुसतं 'नको' म्हणायचं व्हतं. 'अजून' कुठनं आलं गं तोंडात?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ते 'अजून' खरं हुईल का?"

मागून एसटीनं हॉर्न दिला. बाईंनी लॉक काढलं. मी उतरले, दार लावलं आणि खालमानेनं जाऊन एसटीत चढले.